झोपेची इर्जिक

दुपारची जेवणं उरकली की साळवंडी गाव आवाज मिटून घेई. गिरणी थांबे, पोरांना ओढ्याकडं पिटाळलं जाई, आणि समाजमंदिराच्या पायरीशी चपला जमत. आत, जाड पडद्यांच्या गार अंधारात, गावातली सात-आठ माणसं सतरंज्यांवर आडवी होत. कुणी कुशीवर, कुणी उताणं, कुणी तोंडावर टॉवेल टाकून. प्रत्येकाच्या डोक्याला एक पातळ कापडी टोपी, आणि टोपीतून निघालेली तार भिंतीपलीकडच्या खोलीत गेलेली. ही माणसं झोपत ती स्वतःसाठी नव्हे, तर त्या भिंतीपलीकडच्या माणसांसाठी. शेजारच्या गावांनी साळवंडीला 'झोपाळूंचं गाव' म्हणून नाव पाडलं होतं. पाडोत बापडे.

कुणी कुणासाठी झोपायचं हे सगळं वृषाली नलावडे बघे. पन्नाशी ओलांडलेली, अंगानं बारीक आणि आवाजानं दांडगी. दुपारी मात्र तीही पाय न वाजवता चाले. पडद्याआडून एकेकाचा श्वास लांबत गेलेला ऐकला की तिला वाटे, आपण एखाद्या मोठ्या, शांत जनावराच्या कुशीत उभ्या आहोत. त्या श्वासांचा तिला अभिमान होता. तो खोटा होता असं कुणी म्हणू नये.

त्या आजाराला गाव 'जागरा' म्हणे. उन्हाळ्यातल्या रात्री निवायच्या थांबल्या त्याला एक पिढी उलटली होती. वर्षानुवर्षं नीट न झोपलेल्या काही माणसांची गाढ झोप मग कायमचीच गेली. माणूस गाढ झोपला की मेंदूत एक संथ लाट उठते, चढते, ओसरते. तिच्या तालावर मेंदूभोवतीचं पाणी आत-बाहेर करतं आणि दिवसभराचा कचरा धुऊन नेतं. संध्याकाळी अंगण झाडून घ्यावं तसं. जागऱ्याच्या रोग्यात ही लाट उठतच नाही. डोळे मिटतात, घोरणंसुद्धा ऐकू येतं, पण आतलं अंगण तसंच पडलेलं असतं. साचलेल्या कचऱ्याखाली आधी कालचा दिवस दिसेनासा होतो, मग घरातली माणसं.

उपाय सापडला तो अगदी साधा. धडधाकट माणसाच्या झोपेतली लाट टोपीनं टिपायची आणि अगदी मंद विजेनं, थोपटल्यासारखी, रोग्याच्या कपाळावर पोचवायची. रोग्याचा मेंदू ताल धरतो आणि आपली लाट आपणच उठवतो. साठवून ठेवलेली लाट देऊन पाहिली होती. दोन-चार दिवस चालली, मग मेंदूला ती पाठ झाली. पाठ झालेल्या गोष्टीकडं मेंदू लक्ष देत नाही. भिंतीवरच्या घड्याळाकडं आपण तरी कुठं देतो? म्हणून झोपायला जिवंत माणूसच हवा. देणाऱ्याचं जातं ते एवढंच, की त्या झोपेत त्याला स्वप्नं पडत नाहीत आणि उठल्यावर निम्मंच झोपल्यासारखं वाटतं. आठवड्यातून एकदा दिली तर काही बिघडत नाही. त्याहून जास्त देऊ नये.

शहरात ही झोप विकत मिळू लागली. साळवंडीला ती परवडणारी नव्हती. तेव्हा वृषालीनंच गावाला जुनी आठवण करून दिली. पूर्वी एखाद्याची पेरणी अडली की गावातले बैल आणि माणसं त्याच्या शेतावर लोटत. मजुरी नाही, उपकाराची भाषा नाही. ज्याचं शेत त्यानं फक्त आवतण द्यायचं आणि पोटभर जेवू घालायचं. त्याला म्हणत इर्जिक. नांगर गेले, बैल गेले, पण शब्द गावाच्या तोंडात होता. गावानं आठ-दहा टोप्या घेतल्या आणि झोपेची इर्जिक सुरू झाली. ज्याच्या घरी रोगी, त्यानं झोपणाऱ्याला आवतण द्यायचं आणि संध्याकाळी पानावर बसवायचं.

वृषालीच्या घरचं आवतण कुणीच मोडत नसे. तिचा नवरा संग्राम हा एकेकाळचा बँडवाला. पंचक्रोशीतल्या निम्म्या वराती त्याच्या क्लॅरिनेटमागून चालल्या होत्या. बाकीच्या रोग्यांना आठवड्यातून दोन-तीन दुपारी मिळत. संग्रामसाठी रोज कुणी ना कुणी टोपी घालून तयार असे.

झोप मिळून उठला की संग्रामला बायको ओळखू येई. सगळा खेळ त्या ओळखीसाठीच होता. सुरुवातीला ती रात्रीच्या जेवणापर्यंत टिके. मग दिवेलागणीपर्यंत. हल्ली हल्ली तर चहा संपेपर्यंतही टिकेना.

"वृषाली, केस किती पिकले गं तुझे," त्या दिवशीही तो उठल्या उठल्या म्हणाला होता.

"तुम्हीच पिकवलेत," ती म्हणाली आणि पटकन चहा ओतला. ती हल्ली चहा फार गरम द्यायची, म्हणजे प्यायला वेळ लागेल.

पण अर्ध्या कपातच त्याच्या डोळ्यांतलं काहीतरी मागं सरकलं. तो सावरून बसला, परक्या बाईसमोर बसावं तसा. "चहा झकास झालाय. कुठल्या म्हणायच्या आपण?"

तिनं माहेरचं गाव सांगितलं.

"अरे वा! तिथं आम्ही एका लग्नात वाजवलंय."

ते तिच्या थोरल्या बहिणीचं लग्न. तिथंच त्यानं तिला पहिल्यांदा पाहिलं होतं. तिनं कप उचलला, मागच्या दारी गेली आणि पदर तोंडात धरून रडली.

त्याच आठवड्यात तालुक्याहून डॉ. जुईली परब आल्या. पोरगेल्या चेहऱ्याच्या, पण बोलायला पक्क्या. सरकारनं सार्वत्रिक निद्रासेवेचा कायदा केला होता. प्रत्येक धडधाकट प्रौढानं आठवड्यातली एक दुपार द्यायची. ती झोप राज्यभरच्या जाळ्यात जाणार आणि कुठल्याही रोग्याला, फुकट, हक्कानं मिळणार. कुणाची झोप कुणाला गेली ते कुणालाच कळणार नाही. गावांना मात्र मोकळीक होती. ज्यांना आपलं आपण चालवायचंय त्यांनी ग्रामसभेत तसा ठराव करावा.

"मग आमचा ठराव झालाच म्हणून समजा," वृषाली म्हणाली. "आम्ही कुणाच्या दारात हात पसरला नाही, मॅडम. रोगी आमचे, झोप आमची. आता आम्हाला झोपायलाबी सरकारनंच शिकवायचं का?"

"काकू, तुमच्याकडं काका रोज झोप घेतात ना? मग ओळख कमी का टिकते?"

हे वृषालीनं कुणालाच सांगितलं नव्हतं; डॉक्टरांनी टोप्यांच्या नोंदींवरून ओळखलं असावं.

"त्यांच्या मेंदूला तुमचं गाव पाठ झालंय," डॉक्टर हळू आवाजात म्हणाल्या. "तीच माणसं, तोच ताल. प्रेम कमी पडत नाही हो, माणसं कमी पडतात. अनोळखी झोप हवी. त्यांना जितकी अनोळखी, तितकी चांगली."

"तुमच्या जाळ्यात रोज मिळंल का?"

डॉक्टरांनी खोटं सांगितलं नाही. "नाही. रोगी फार आहेत. प्रत्येकाला आठवड्यातून तीन दुपारी. सगळ्यांना सारख्या." जाता जाता त्या थांबल्या. "इथं त्या नीलांबरीताई शेडगे राहतात ना? त्यांच्या आईसाठी कोण झोपतं?"

याचं उत्तर वृषालीला माहीत होतं. कुणीच नाही.

नीलांबरी याच गावची लेक. सरकारी खात्यात जमिनीतल्या पाण्याची पातळी मोजायची. तिच्या अहवालावरून साळवंडीचे खोल बोअर सील झाले आणि गावातला ऊस वाळून गेला. मोजमाप खरंच होतं, हे आज सगळ्यांना मान्य होतं. पण लेकीनं गावाच्या घशाला कोरड पाडली हेही कुणी विसरलं नव्हतं. निवृत्त होऊन ती आईपाशी राहायला आली तेव्हा कुणी भांडलं नाही, शिव्या दिल्या नाहीत. फक्त तिला कुणी आवतण दिलं नाही आणि तिच्या आवतणाला कुणी गेलं नाही. इर्जिकेत एवढं पुरतं.

वृषाली तिच्या दारात गेली ती काही पुण्य कमवायला नव्हे. साधा हिशेब होता. संग्रामनं न घेतलेली झोप गावात एकाच बाईची उरली होती.

नीलांबरीनं दार उघडलं तेव्हा तिचे डोळे खोल गेलेले दिसले. आत झोपाळ्यावर तिची आई, सविताबाई, हातातल्या नसलेल्या सुपात काहीतरी पाखडत बसली होती.

"रोज मीच झोपते तिच्यासाठी," नीलांबरी म्हणाली. "रोज देऊ नये, ठाऊक आहे मला. वर्ष झालं, तिला माझी झोप ऐकूच येत नाही. पण शहरातून आणलेली ही टोपी घातल्याशिवाय राहवत नाही." मग तिनं सरळ विचारलं, "तू कशाला आलीस, वृषाली?"

वृषालीनं वाटेत बरीच लांबण लावायचं ठरवलं होतं. ते सगळं राहूनच गेलं. "आवतण घेऊन आलेय. आमच्या ह्यांच्यासाठी झोपशील?"

नीलांबरीला राग आला असता तर वृषालीला सोपं गेलं असतं. "झोपेन की," ती म्हणाली. "पण चार दिवस मला माझी झोप घेऊ दे. आत्ता माझ्याजवळ द्यायला काही नाही." आणि मग तिनं आईकडं पाहिलं. मागितलं मात्र काही नाही.

"तोवर आईसाठी मी झोपते," वृषाली म्हणून गेली. हे तिच्याकडून कुणी वदवलं, ते तिला नंतरही सांगता आलं नाही.

दुसऱ्याच दुपारी वृषाली नीलांबरीच्या घरी आडवी झाली. दिलेली झोप कशी असते हे तिला ठाऊक होतं. पांढरी. तिच्यात चित्र नाही, आवाज नाही; गिरणीतल्या पिठाच्या धुक्यात उभं राहिल्यासारखं वाटतं. तरी त्या दिवशी तिला त्या पांढऱ्यात कुणीतरी शेजारून चालल्याचा भास झाला. दोघी चालत होत्या, घाई नव्हती, आणि ती दुसरी कोण हे विचारायची गरजही वाटत नव्हती.

जाग आली ती सविताबाईंच्या आवाजानं.

"नीलू, अगं दूध उतू जाईल! लक्ष कुठाय तुझं?"

गॅसवर दूध नव्हतंच. पण वर्षभरात नाव न घेतलेल्या आईनं नीलू म्हटलं होतं. नीलांबरी स्वयंपाकघराच्या दारात उभी होती, हातातलं पातेलं तसंच धरून. "बघते, आई," एवढंच ती म्हणाली आणि खरोखरच जाऊन दूध तापत ठेवलं.

चार दिवसांनी वृषालीनं संग्रामला तिथं नेलं. नीलांबरी टोपी घालून भिंतीकडं तोंड करून झोपली. दुपार मावळत आली तेव्हा संग्राम उठून बसला, आणि कितीतरी वेळ पाण्यातून वर आल्यासारखा इकडंतिकडं बघत राहिला.

"विहीर होती गं," तो म्हणाला. "खोल. पायऱ्या उतरतोय, उतरतोय, आणि प्रत्येक पायरी ओली. तळाशी कुणीतरी बाई टेप धरून उभी. म्हणाली, आहे, अजून पाणी आहे."

लाटेतून चित्रं जात नाहीत असं डॉक्टर छातीठोकपणे सांगतात. त्यांचं खरंच असेल. भिंतीकडं तोंड करून झोपलेल्या नीलांबरीचे खांदे मात्र हलत होते.

त्या संध्याकाळी चहा संपला, जेवण झालं, अंथरुणं पडली. तरी संग्रामनं बायकोला 'आपण कुठल्या' असं विचारलं नाही. सकाळी उठून तिच्या नावानं हाक मारली. अंगणात बसून दोघं भावकीतल्या लोकांची यथेच्छ नालस्ती करत राहिली. दुपारी मात्र ती ओळख विरली.

ग्रामसभा मारुतीच्या देवळासमोर भरली. सरपंच ओंकार जगदाळे यांनी ठराव वाचला. गावानं कायद्याबाहेर राहावं, सूचक वृषाली नलावडे. पोरंसोरं टाळ्या पिटू लागली. प्रशांत गुरुजी उठले. वय झालेलं, पण शाळेतला आवाज अजून शाबूत.

"सरकार आज झोप मागतंय, उद्या भूक मागेल. कशावरून नाही? आणि फुकट मिळालेल्याची किंमत कुणाला असते? आपल्या इर्जिकेत माणूस माणसाच्या पानाला पान लावून जेवतो. ते जाळ्यात मिळणार आहे का? आपल्या पूर्वजांनी उगीच नाही म्हटलं, गाव करी ते राव न करी!"

"बरोब्बर!" मागून आवाज आला.

"पण गुरुजी," गिरणीवाली मयूरी म्हणाली, "शहरात आमच्या दादाला विकत घ्यायला परवडत न्हाई. त्याला कुठलं गाव हाय?"

"त्यानं इकडं यावं."

"आन् समद्यांनीच यायचं ठरवलं तर?"

हशा पिकला. मग सरपंचांनी वृषालीला बोलायला सांगितलं. ठराव तिचा, तिनं दोन शब्द बोलावेत आणि सगळ्यांनी हात वर करावेत, एवढंच उरलं होतं.

वृषाली उभी राहिली. समोरच संग्राम खुर्चीत बसला होता आणि सभ्य पाहुण्यासारखा सगळ्यांकडं बघून हसत होता. सकाळी देवासमोर बसून तिनं ठरवलं होतं की मनातलं बोलायचं नाही, ठराव होऊ द्यायचा. इर्जिक राहिली तर रोज घोटभर चहापुरता तरी तो तिचा होता. कायद्यात गेलं तर तीन दुपारींचा पुरा संग्राम, आणि मधले दिवस कोराच. घोटाघोटानं रोज, की पोटभर कधीमधी? असला सौदा कुठल्या बाईला करावा लागू नये.

"गुरुजी, गाव करी ते राव न करी, खरं हाय," ती म्हणाली. "मीच म्हणत आलेय. माझ्या मालकासाठी तुम्ही झोपलात. मी माझ्या कातड्याचे जोडे केले तरी फिटायचं न्हाई. पण गाव जे करत न्हाई, ते कुणी करायचं?"

कुणाला कळलं नाही. मग हळूहळू सगळ्यांच्या माना मागं वळल्या. लिंबाखाली, बायकांपासून चार हात लांब, नीलांबरी उभी होती.

"सविताकाकूसाठी वर्षभर कोण गेलं? मी तरी गेले का? आवतण तर समद्यांना आलं हुतं. गाव आपल्याला आवडंल त्याच्यासाठी झोपतं. ह्यांनी वराती वाजवल्या म्हणून ह्यांना रोज झोप. अन् ज्यानं नुसतं खरं सांगितलं, त्याच्या आईला काहीच न्हाई. आजाराला काय ठाऊक, कोण गावाच्या मर्जीतलं? मला सरकारचा भरोसा हाय असं न्हाई. पण त्याच्या जाळ्याला आपण कोण ते कळत न्हाई, हे लई बरं हाय. माझा ठराव मी मागं घेते."

"वृषाली, संग्रामच्या चार दुपारी जातील," गुरुजी म्हणाले. त्यांच्या आवाजात राग नव्हता, काळजी होती.

"जातील," ती म्हणाली आणि खाली बसली.

मग गुरुजींनी तोच ठराव आपल्या नावानं मांडला; तो थोडक्या मतांनी पडला. काही घरं महिनाभर वृषालीशी बोलली नाहीत. मग बोलू लागली, कारण गावात न बोलता किती दिवस राहणार? जाळं आलं, आणि समाजमंदिर त्याचं केंद्र झालं. पहिल्या आठवड्यात समाजमंदिरात इतके डबे जमले की केंद्र सांभाळणाऱ्या मुलीला रडू कोसळलं. ज्यानं कुणी आपल्या माणसासाठी झोप दिली त्याला पोचवा म्हणे! कोण, कुठला, विचारलं तर कुणाला सांगता येईना. राज्यभर हेच झालं म्हणतात, आणि शेवटी वरून आदेश निघाला की झोपेच्या बदल्यात खाद्यपदार्थ स्वीकारू नयेत. साळवंडीनं तो आदेश वाचला आणि डबे तिथंच एकमेकांत वाटून खाल्ले. नीलांबरीच्या हातची आमटी जरा खारट असते, हे गावाला तेव्हा कळलं.

संग्राम आता आठवड्यातले काही दिवस लख्ख असे. न पाहिलेल्या समुद्राच्या, बर्फाच्या, कसल्याशा निळ्या कारखान्याच्या गोष्टी सांगे, बायकोची थट्टा करी, रुसेसुद्धा. उरलेल्या दिवशी तो अंगणातल्या खुर्चीत निवांत बसे. कुणाच्या घरी आलोय हे ठाऊक नाही, पण यजमान बरे दिसताहेत अशा समाधानात.

असाच एक कोरा दिवस होता. वृषालीची आठवड्याची पाळी होती. तिनं त्याच्याजवळ पाण्याचा तांब्या ठेवला आणि चपला घातल्या.

"निघालात बाई? उन्हाचं?" त्यानं विचारलं.

"झोपायला चाललेय. केंद्रावर."

"कुणासाठी?"

"ठाऊक न्हाई. असंल कुणीतरी."

त्याला ते पटलं असावं. त्यानं मान डोलावली. मग तिच्याकडं जरा निरखून बघत, परक्या माणसानं विचारावं तसं संकोचून विचारलं, "तुमच्या घरात आहे का कुणी जागऱ्याचं?"

वृषालीनं दाराची कडी धरली. "हाय. मालक हायेत माझे."

"हात्तिच्या!" संग्राम हळहळला. खुर्चीतून अर्धवट उठून तो तिला धीर देऊ लागला. "काळजी करू नका, बाई. कुठंतरी कुणीतरी त्यांच्यासाठी झोपत असेल. तुम्ही निर्धास्त जा. घराकडं मी बघतो."

"बघाल ना?"

"बघतो की. तुम्ही या सावकाश."

तिनं कडी न घालता दार नुसतंच लोटून घेतलं आणि ती केंद्राकडं चालू लागली.